आप्पांचा डावा डोळा

‘वैमानिकाची चूक’ हे शब्द वर्तमानपत्रात छापलेले दिसले की मी त्याच दिवशी संपादकांस पत्र लिहितो. पत्रात माझी मागणी फार मोठी नसते. चूक वैमानिकाची होती हे कोणी ठरवले, कोणत्या पुराव्यावर ठरवले, आणि ज्या काचेतून त्याने पाहिले ती काच कोणी तपासली, एवढे छापावे, असे मी लिहितो. बहुतेक पत्रे छापली जात नाहीत. मागच्या महिन्यात एका तरुण संपादकांनी उलट टपाली विचारले, की आपण परभणीचे निवृत्त वकील. विमानांशी आपला संबंध काय? प्रश्न उद्धट असला तरी गैरलागू नव्हता. संबंध आहे. तो एका माणसाच्या नात्याने आहे, आणि त्या माणसाबद्दल मी आजवर जे काही लिहिले ते अर्ज, स्मरणपत्रे आणि हरकती यांच्या भाषेत लिहिले. त्या भाषेत माणूस मावत नाही, हे कळायला मला फार वर्षे लागली.

मन्मथआप्पा वालूरकर हे त्यांचे नाव. वालूरच्या लिंगायत व्यापाऱ्याच्या घरात जन्म, परभणीच्या शाळेत माझ्याच वर्गात शिक्षण, आणि पुढे, ज्या काळात आमच्या जिल्ह्यातील निम्म्या लोकांनी आगगाडीही आतून पाहिली नव्हती त्या काळात, हैदराबादेस जाऊन विमान चालवण्याचे शिक्षण. वडिलांची परवानगी मागायला ते गेले तेव्हा वडील दुकानात गुळाची ढेप फोडत होते. त्यांनी मान वर न करता विचारले, “वर जाऊन इकणार काय तू?” वडिलांनी गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “जा मंग. गिऱ्हाईक न्हाई भेटलं तर परत ये. गल्ला हितंच हाय.” हा प्रसंग आप्पा नेहमी सांगत, आणि सांगताना वडिलांचा आवाज हुबेहूब काढत.

ते ठेंगणे होते, मान जाड, चालणे सावकाश. वैमानिकाची टोपी डोक्यावर असली तरी तिच्या खाली भस्माचे पट्टे असत, आणि गणवेशाच्या सदऱ्याआड गळ्यातले चांदीचे लिंग. महायुद्धाच्या काळात त्यांनी आसामच्या पलीकडच्या डोंगरांवरून रात्री-अपरात्री माल वाहून नेला, गोऱ्या अधिकाऱ्यांशी इंग्रजीत आणि हैदराबादेच्या साहेबांशी अदबशीर उर्दूत बोलले, पण परभणीच्या स्टेशनावर उतरले की पहिले वाक्य वालूरचे निघे: “काय वकीलसाब, लय वाळलाव की. अशील जेवू देत न्हाईत का?” मी तेव्हा नवा वकील होतो आणि अशील मुळात नव्हतेच, हे त्यांना पक्के ठाऊक असे.

त्यांची पहिली ख्याती आमच्या घरात झाली ती मात्र वाईट होती. युद्ध संपल्यावर रजेवर आले असता ते माझ्याकडे मुक्कामास होते. संध्याकाळी माझ्या पत्नीने कंदील लावण्यासाठी काडी ओढली, आणि पाहुण्याने तिच्या दिशेने पाहत डावा डोळा मिटला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या आईने मला मागच्या दारी गाठले.

“वकील झालास, पर दोस्त पारखता न्हाई आला तुला. ह्यो माणूस सुनंला डोळा मारायलाय!”

“आई, काहीतरीच काय?”

“काहीतरी कसं? दर काडीला मारायलाय. म्या सवता बघितलं.”

भिंतीपलीकडे आप्पा दात घासत होते. त्यांना ठसका लागला. तोंड धुऊन ते आले आणि आईपुढे खाली बसले. “माय, ऐका. अंधारात दिसायला डोळ्याला येळ लागतो. अर्धा तास गप बसावं तवा कुठं डोळा अंधारात मुरतो. आन् एक काडी पेटली की समदं गेलं; पुन्हा पहिल्यापासनं. म्हणून मी एक डोळा उजेडाला देतो आन् एक अंधारासाठी झाकून ठेवतो. सवय लागलीय. तुमच्या सुनंचा काय दोष न्हाई, माझा बी न्हाई.”

आई म्हणाली, “मंग दोनी झाकत जा आन् गप बसत जा.”

त्या दिवसापासून आमच्या घरात काडी ओढण्यापूर्वी “आप्पा, डोळा!” असे मोठ्याने सांगण्याची पद्धत पडली. ते घरी नसतानाही आई कधी कधी तसे म्हणे. या हास्यास्पद सवयीचा उल्लेख मी इतक्या तपशिलाने का करतो, ते पुढे कळेल.

अंधाराविषयी त्यांची दोन-तीन ठरलेली वाक्ये होती आणि ती ते कोणालाही सांगत: शेतकऱ्याला, स्टेशनमास्तरला, माझ्या पक्षकारांना. “बारीक वस्तू अंधारात थेट बघू नका, तिच्या शेजारी बघा, थेट बघितलं की ती गायब होती.” “एकाच दिव्याकडं टक लावून बसू नका. थोड्या येळानं दिवा चालायला लागतो, आन् तुमी त्याच्या मागं जाता.” एकदा ताडकळसच्या बाजारातून परतताना आमच्या गाडीवानाने दूरचा दिवा पाहून “कुणीतरी कंदील घेऊन यायलंय” असे सांगितले. आप्पांनी त्याला गाडी थांबवून बैलाच्या शिंगाच्या रेषेत तो दिवा धरून पाहायला सांगितले. शिंग आणि दिवा दोन्ही जागच्या जागी राहिले. गाडीवानाने एकवार दिव्याकडे आणि एकवार आप्पांकडे पाहून, दिव्यावर नव्हे तर आप्पांवर संशय घेत, बैलांना चुचकारले.

या ज्ञानाचा मला एकदा न्यायालयात थेट उपयोग झाला. बोरीकडील एका मारहाणीच्या खटल्यात फिर्यादीचा साक्षीदार शपथेवर सांगत होता की त्याने काळोखात, शेताच्या पलीकडच्या कडेला, माझ्या अशिलास स्पष्ट ओळखले. उलटतपासणी माझी होती आणि माझ्याजवळ विचारायला काही नव्हते. रजेवर आलेले आप्पा मागच्या बाकावर बसले होते. मध्यंतरात ते म्हणाले, “त्याला इचारा, कंदील कुणाच्या हातात व्हता.” मी विचारले. साक्षीदार फुशारकीने म्हणाला, “माझ्याच हातात की. वर धरला व्हता मी, डोळ्यापुढं, नीट दिसावं म्हणून.” मग मी मुन्सिफसाहेबांना विनंती केली की संध्याकाळी कचेरीच्या आवारात कंदील डोळ्यांपुढे धरून पलीकडच्या कुंपणाशी उभा असलेला शिपाई ओळखून पाहावा. मुन्सिफसाहेब जिज्ञासू होते, त्यांनी पाहिले. शिपाई त्यांना दिसला नाही. अशील सुटला. कायद्याने त्या दिवशी आप्पांच्या डोळ्याचे ऐकले, कारण ते ऐकणे कोणालाच अडचणीचे नव्हते.

त्यांच्या खिशात पाकीट नसे, ओळंबा असे. गवंडी भिंत सरळ आहे की नाही ते पाहण्यासाठी दोरीला वजन बांधून सोडतो, तोच. मी माझ्या बैठकीच्या खोलीला हैदराबादेहून मागवलेली काचेची खिडकी बसवली तेव्हा मोठ्या अभिमानाने त्यांना दाखवली. त्यांनी बाहेर जाऊन ओळंबा लिंबाच्या फांदीला टांगला, आत येऊन काचेतून त्या दोरीकडे पाहिले, आणि मान हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेली.

“वकीलसाब, तुमचा लिंब पाण्यात उभा हाय.”

मीही मान हलवून पाहिले. ताठ दोरी काचेत मध्येच फुगत होती, खाली सापासारखी वळत होती.

“हितं बसून कुणाच्या शेताचा बांध ठरवू नका,” ते म्हणाले. मग हसणे थांबवून त्यांनी दोरी गुंडाळली. “ह्याच्याहून वाईट काच माझ्या डाव्या हाताला हाय. इमानात.”

त्या वेळी ते हैदराबादेतील एका विमान कंपनीत डाक आणि माल नेणारे मोठे विमान चालवत. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. ती आज अस्तित्वात नाही आणि जिला उत्तर देता येत नाही तिच्याविरुद्ध एकतर्फी मांडणी करणे मला मान्य नाही. जेव्हा तिला उत्तर देता येत होते तेव्हा मी तिला पुष्कळ पत्रे लिहिली. तर, त्या विमानाच्या चालकाच्या बाजूची पुढची काच युद्धाच्या घाईत कुठेतरी बदललेली होती, आणि तिचा खालचा कोपरा वाकडा दाखवी. आप्पांनी ओळंबा लावून तो दोष शोधला, इंजिनियरला नेऊन दाखवला. त्याच मालातल्या काचा आणखी विमानांना बसवल्या आहेत, त्याही पाहा, असे सांगितले. इंजिनियर म्हणाला, काच परदेशातून यायची आहे. येईल तेव्हा बदलू.

“मग अशा विमानात बसता कशाला?” मी विचारले.

“डाक थांबती का? आन् मी न्हाई बसलो तर दुसरा बसल. त्याला त्यो कोपरा ठावूक नसल. मला ठावूक हाय. मी वरच्या अंगानं बघतो.” मग त्यांनी माझ्या खिडकीवर नख वाजवले. “मी एकदा हमीदला हितं आणतो. त्याला तुमचा पाण्यातला लिंब दाखवायचाय.”

हमीद हा त्यांच्या विमानावरचा वायरलेसचा माणूस. चालकांच्या मागे बसून तो कानाला यंत्र लावून जमिनीशी बोलणे करी. हैदराबादेतील एका घड्याळजीचा मुलगा. आप्पांपेक्षा पुष्कळ लहान. आप्पांच्या बोलण्यात तो वरचेवर येई. हमीदने त्यांच्याकडून शेंगदाण्याची चटणी खायला शिकून घेतली होती, आणि त्यांना घड्याळ उघडायला शिकवले होते. तो लिंब पाहायला परभणीस कधी आला नाही.

पावसाळ्याच्या अखेरीस, इंग्रज गेले त्याच वर्षी, अपघात झाला. मी तो आप्पांकडून जसा ऐकला तसा सांगतो. अंधार पडल्यावर ते डाक घेऊन परतत होते. विजा चमकत होत्या. विजेच्या लखलखाटात दोन्ही डोळे दिपले तर उतरण्याच्या जागेचे मिणमिणते तेलाचे दिवे दिसायचे नाहीत, म्हणून ढगांतून बाहेर येईपर्यंत त्यांनी डावा डोळा मिटून ठेवला, आणि उतरायला सुरुवात करताना उघडला. सवयीप्रमाणेच. पण पाऊस जोराचा होता, आणि काच पुसणारा दांडा तेवढा खालचाच कोपरा पुसत होता. वरच्या अंगाने पाहणे शक्य राहिले नाही. पाण्याने आणि वाकड्या काचेने मिळून दिव्यांची ओळ होती त्याहून खाली दाखवली. दिवे खाली दिसले म्हणजे आपण फार उंच आहोत असे वाटते. आप्पांनी विमान आणखी खाली घेतले, आणि मैदानाच्या अलीकडच्या बांधाला त्याचे पोट लागले. शेजारी बसलेला दुसरा वैमानिक जखमी झाला. आप्पांचा खांदा मोडला. हमीद मागच्या आसनावरून फेकला गेला आणि रुग्णालयात नेईपर्यंत गेला.

चौकशी हिवाळ्यात झाली. आप्पांनी मला बोलावले आणि मी वकीलपत्र घेऊन गेलो. त्या दिवसांत संस्थानात वातावरण कसे होते हे त्या काळच्या वाचकांस सांगायला नको, आणि आजच्या वाचकांनी ते वडीलधाऱ्यांना विचारावे. मेलेला मुसलमान, विमान चालवणारा हिंदू. एवढ्यावरून दोन्हीकडचे रिकामटेकडे जे बोलायचे ते बोलत होते. परंतु हे मी सत्याला स्मरून नमूद करतो की चौकशी समितीच्या अध्यक्षांच्या मनात तसले काही नव्हते. ते सज्जन होते. त्यांनी अन्याय केला तो द्वेषाने नव्हे, प्रश्न चुकीचा विचारून केला. आणि अशा अन्यायावर कायद्यात उपाय सर्वांत कमी आहेत.

दुसऱ्या वैमानिकाने सांगितले की त्याने यंत्रांवरून नजर काढून एकदाच बाहेर पाहिले आणि त्याला दिवे जागच्या जागी दिसले. मी उठून म्हणालो की हाच तर आमचा पुरावा आहे: त्याच्या बाजूची काच मूळची, आप्पांच्या बाजूची बदललेली. अध्यक्षांनी मला बसायला सांगितले आणि आप्पांकडे वळले.

“उस रात आप की दोनों आँखें खुली थीं?”

“साहेब, बिजली के वक्त...”

“हाँ या ना?”

मी हरकत घेतली. मला सांगण्यात आले की ही अदालत नव्हे, चौकशी आहे; इथे हरकत नसते. आप्पांनी माझ्याकडे पाहिले. ‘हो’ म्हणणे त्यांना सहज शक्य होते. उतरताना दोन्ही डोळे उघडे होतेच, आणि प्रश्न उतरण्याविषयीच असावा असे समजण्यास जागा होती. पण प्रश्नात ‘त्या रात्री’ असे होते, आणि आप्पा नकाशा वाचावा तसा प्रश्न वाचत.

“जी नहीं,” ते म्हणाले. “बाईं आँख बंद थी. ढगांत.” घाईत ‘ढगांत’ हा शब्द मराठी निघाला. लेखनिकाला तो कळला नाही, त्याने तो सोडून दिला.

मी काचांची मागणी केली. फुटलेल्या काचेचे तुकडे भंगारात गेले होते. मी म्हणालो, त्याच मालाच्या काचा इतर विमानांवर आहेत. आत्ता जाऊन त्या तपासाव्यात. कशाने, असे विचारले गेले. आप्पांनी खिशातून ओळंबा काढून टेबलावर ठेवला.

“वकीलसाहब, यह तो मेमार का औज़ार है,” अध्यक्ष म्हणाले, आणि गवंड्याच्या त्या अवजारावर खोलीत हशा पिकला. आप्पाही थोडे हसले. त्यांना वाटले असावे की हसून झाल्यावर लोक काचा पाहायला उठतील.

निष्कर्ष एका परिच्छेदाचा होता. सहवैमानिकास दिवे नीट दिसले. मुख्य वैमानिकाने एक डोळा मिटल्याचे स्वतः मान्य केले. सबब अपघात व त्यातील मृत्यू वैमानिकाच्या निष्काळजीपणामुळे घडला. परवाना रद्द. ज्या साक्षीने काच दोषी ठरायची तिनेच माणूस दोषी ठरला. इतकी वर्षे झाली तरी तो परिच्छेद आठवला की माझा हात कागदाकडे जातो.

बाहेर व्हरांड्यात हमीदचे वडील उभे होते. बारीक अंगाचे, वाकलेले गृहस्थ. घड्याळे पाहून पाहून डोळे बारीक करण्याची सवय लागलेले. त्यांनी आप्पांना विचारले, “बेटा, एक आँख बंद थी?”

“बिजली के वक्त, चचा. उतरते वक्त दोनों खुली थीं. काच टेढ़ी थी.”

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. शिपायाने दार लोटले, तेव्हा तो निघून गेला. आप्पा मला म्हणाले, “त्यांनी ऐकलं, पर मानलं का न्हाई, कळंना.” परवाना गेल्याबद्दल मी त्यांच्या तोंडून त्या दिवशी अवाक्षर ऐकले नाही. परतीच्या गाडीत त्यांनी एवढेच विचारले, “त्या बाकीच्या काचा काढायला लावता येतील का वो? त्या निघाल्या तर हमीदच्या अब्बाला आपोआप कळल.”

मी पत्रे लिहिली. कंपनीला, खात्याला, समितीला. उत्तरे आली ती पोच मिळाल्याची. आप्पा वालूरला जाऊन वडिलांच्या गल्ल्यावर बसले. गिऱ्हाइकाला साखर तोलून देतानाही तराजूचा काटा ते थोडे शेजारी पाहून वाचत, असे लोक सांगत. त्यांनी हमीदच्या वडिलांना दोनदा लिहिले. उत्तर आले नाही. तिसऱ्या वेळी मी लिहिले. ते पाकीट न उघडता परत आले.

मग पोलीस ॲक्शन झाली, संस्थान गेले, आणि परभणीत एक समिती निघाली. जुन्या राजवटीत ज्यांची नोकरी वा परवाना अन्यायाने गेला त्यांचे अर्ज नव्या सरकारकडे पाठवायचे, असे तिचे काम. आप्पांचे नाव मीच सुचवले. समितीचे प्रमुख एक आडतदार होते. त्यांनी अर्जाचा मसुदा स्वतः करून माझ्या हाती दिला. त्यात लिहिले होते की अर्जदार हिंदू असल्याकारणाने मुसलमान अधिकाऱ्यांनी कट करून त्यास गोवले. काचेचा उल्लेख नव्हता. मी दुसरा मसुदा केला, केवळ काचेचा. आडतदार तो वाचून म्हणाले, “वकीलसाब, काचंवर आमी काय करणार? ह्यावर सही आणा, महिन्यात परवाना देतो. न्हाई तर राहू द्या.” मी त्यांच्याशी भांडलो, आणि तरीही मसुदा घेऊन वालूरला गेलो, कारण अशिलापुढे आलेला प्रस्ताव त्याच्यापासून लपवण्याचा अधिकार वकिलास नाही.

दिवाळी झाली होती. दुकानात गर्दी नव्हती. आप्पांनी मसुदा हातात घेतला, दाराशी उजेडात नेऊन वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला.

“ह्यात काच कुठं हाय?”

“नाही.”

“आन् हमीद?”

“त्याचे नाव नाही. त्याच्या लोकांचे आहे.”

आतून त्यांच्या पत्नी गौराबाई बाहेर आल्या. त्यांना सगळे ठाऊक होते. “सही करा की वो,” त्या म्हणाल्या. “इमानाचा आवाज आला की हातातलं टाकून अंगणात पळता. मान मोडायली वर बघून बघून. कवर असं?”

“करतो की. एक सांग. ह्यो कागद हैदराबादला छापून आला, आन् त्या म्हाताऱ्याला कुणी वाचून दाखवला, तर त्यो काय म्हणंल? आधी म्हणलं डोळा मिटला व्हता. मंग म्हणलं काच वाकडी. आता म्हणायलाय तुमीच मला गोवलं. तिसऱ्यांदा बदलल्यावर काच कुणाला खरी वाटंल?”

“त्याला कोण दाखवायलंय? त्यो हाय का गेला, ते बी ठावूक न्हाई.”

“म्हणून तर.”

गौराबाई उंबऱ्यावर बसल्या. मी म्हणालो, “आप्पा, कायद्याच्या दृष्टीने सांगतो. ही संधी पुन्हा येणार नाही. तुम्ही पुन्हा उडू शकाल.”

“ठावूक हाय.” त्यांनी कागदाची घडी केली, अगदी सरळ कडेला कड लावून, आणि माझ्या हातात दिली. “काच हिंदू बी नव्हती आन् मुसलमान बी नव्हती, वकीलसाब. वाकडी व्हती. तेवढं लिवलेला कागद आणा, मी आंगठा बी लावतो.”

तसा कागद मी आजवर आणू शकलो नाही. कंपनी बंद झाली, विमाने विकली गेली, त्यांच्या काचा कोणाच्या डोळ्यांपुढे गेल्या याचा पत्ता मला लागला नाही. आप्पा पुढे गौराबाईंच्या माहेरी, बिदरकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. मला ते उशिरा कळले. त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून समाधी दिली, एवढे एका नातेवाइकाने सांगितले. मी विचारले, डोळे दोन्ही मिटलेले होते ना? तो माझ्याकडे पाहतच राहिला.

मला शेवटचे दिसले ते त्याच वालूरच्या संध्याकाळी. सेलू स्टेशनला जाण्यासाठी गाडी जोडली तेव्हा दिवेलागण झाली होती. आप्पा कंदील घेऊन गाडीपाशी आले. “गाडीच्या मागच्या अंगाला टांगतो,” ते गाडीवानाला म्हणाले, “म्होरं ठिवू नको, रस्ता दिसायचा न्हाई.” दुकानापुढे आता कोणतेही मैदान नव्हते, उतरायची जागा नव्हती, मिणमिणत्या दिव्यांची ओळ नव्हती. समोर एक गल्ली, तिच्यात दोन शेळ्या, आणि रोज चालून पाठ झालेला उंबरा. त्यांनी कंदिलाची काच वर केली, तिच्यातून एकवार पलीकडे पाहिले, आणि काडी ओढली. त्या उजेडात वाऱ्याच्या आड धरलेला हात दिसला, कपाळावरचे भस्म दिसले, आणि डावा डोळा त्यांनी घट्ट मिटून घेतला होता.